टेपने भोपळ्याचं वजन: तीन मापं, एक घन आणि माटोळीची दोरी

चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी, आठवड्यावर आली की गोव्यातल्या बऱ्याच घरांत एक प्रश्न निघतो: माटोळीला (गणपतीच्या वर फळं-भाज्या टांगायच्या लाकडी चौकटीला) बांधायचा हा भोपळा किती किलोचा? स्वयंपाकघरातला काटा पाच किंवा दहा किलोला थांबतो आणि भोपळा दोन हातांत मावत नाही. कुणी उचलून बघतो आणि म्हणतो बारा, दुसरा म्हणतो वीस. आडवं लाकूड आणि वरचे हूक किती भार घेतील हे त्या उत्तरावर ठरतं, म्हणून बारा आणि वीस यांतला फरक हसण्यावारी न्यायचा नसतो.

टेप, खडू आणि फोनमधला कॅलक्युलेटर एवढ्यावर हे उत्तर साधारण पाच टक्क्यांच्या आत आणता येतं. युरोप-अमेरिकेत शेकडो किलोंचे भोपळे वाढवणारे लोक वेलीवरच्या फळाचं वजन याच पद्धतीने काढतात. आपल्या भोपळ्याला ती लावताना थोडे बदल करावे लागतात. ते बदल केले नाहीत तर आकडा सुबक येतो, पण चुकीचा येतो.

आधी नावाचा घोळ. कोंकणीत दुदी म्हणजे लाल भोपळा आणि मराठीत दुधी म्हणजे लांबट, फिकट हिरवा दुधी भोपळा. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात दोन्ही भाषा एकाच टोपलीवर चालतात. या लेखात भोपळा म्हणजे लाल भोपळा.

फक्त घेर मोजून का भागत नाही

बहुतेक जण पोटाभोवती टेप गुंडाळतात आणि अंदाज बांधतात. फळ चेंडूसारखं गोल असेल तर ते चालेल. आपले भोपळे तसे नसतात. दीडशे सेंटिमीटर घेराचं फळ पूर्ण गोल असेल तर त्याचं आकारमान सुमारे ५७ लिटर भरतं. तेवढ्याच घेराचं, पण वरून-खालून चेपलेलं, ३० सेंटिमीटर उंचीचं फळ घेतलं तर ते ३६ लिटरवर येतं. टेपवर दोन्हीकडे १५० दिसतं आणि आकारमानात एक तृतीयांशाहून जास्त तफावत असते. पोटावरचा टेप उंचीबद्दल काहीच सांगत नाही.

म्हणून तीन मापं घ्यायची: एक घेर आणि डोक्यावरून जमिनीपासून जमिनीपर्यंतची दोन. फळ बसकं असेल तर डोक्यावरची दोन मापं आपोआप कमी भरतात आणि बेरीज खाली येते. वरच्याच दोन फळांची बेरीज काढली तर गोल फळाची सुमारे ३९६ सेंटिमीटर आणि चेपलेल्याची ३३४ येते. दोन्हींना एकच सूत्र लावलं तरी चूक पाचेक टक्क्यांत राहते.

साधनं

फायबरग्लासचा पाच किंवा दहा मीटरचा टेप सर्वांत बरा. शिंप्याचा कापडी टेप चालतो, पण आधी लोखंडी फुटपट्टीशी ताडून बघा. जुना टेप ओढून ओढून लांबलेला असतो आणि लांबलेला टेप आकडा कमी दाखवतो. दीड मीटरला दोन सेंटिमीटर वाढला असेल तर वजन सुमारे चार टक्के कमी निघतं. सुताराचा लोखंडी पट्टीचा टेप फुगवट्यावर नीट बसत नाही, कडेवर उभा राहतो. काथ्याची दोरी लावून ती नंतर पट्टीवर मोजण्याचा मोह टाळा, कारण काथ्या ताणतो आणि ओला झाला की आणखीच बेभरवशाचा होतो. टेप आखूड पडला तर दोन टेप जोडण्यापेक्षा खडूची खूण करून दोन टप्प्यांत मोजा. जोडाच्या जागी दोन सेंटिमीटर कुठे गेले ते नंतर सापडत नाही.

शिवाय दोन सरळ काठ्या, एक ओळंबा (दोऱ्याला बांधलेला नटबोल्टही चालेल), खडू, आणि टेपचं दुसरं टोक धरायला एक माणूस. एकट्याने घेतलेला घेर मागच्या बाजूला हमखास घसरतो.

फळ बसवणं

मापाआधी फळ सपाट, घट्ट जागेवर ठेवा: कोबा, फरशी किंवा फळी. मळ्यातच मोजायचं असेल तर फळाखाली आधीपासून फळी असलेली बरी. पावसाळ्यात माती मऊ असते आणि पंधरा-वीस किलोंचं फळ दोन-तीन सेंटिमीटर सहज रुतून बसतं. तीन सेंटिमीटर रुतलं की डोक्यावरच्या प्रत्येक मापातून सहा, म्हणजे बेरजेतून बारा सेंटिमीटर गायब होतात. अठरा किलोंचं फळ मग कागदावर सोळा किलोंच्याही खाली येतं. फळी असेल तर फळीचा पृष्ठभाग हीच जमीन समजा, खालची माती धरू नका.

फळ कसं बसतं तेही बघा. आपले चपटे, फाकांचे भोपळे बहुधा देठ वर करून बसतात. परदेशी राक्षसी भोपळे कुशीवर पडलेले असतात, देठ एका बाजूला आणि बोंड (फुलाकडचं टोक) दुसऱ्या बाजूला. दोन्ही प्रकारे मोजता येतं. पण तुलनेसाठी घेतलेली सगळी फळं एकाच पद्धतीने बसवलेली हवीत. आज उभं आणि उद्या आडवं मोजलं तर आकडे एकमेकांशी बोलत नाहीत.

तीन मापं

पहिलं माप घेर. फळाचा सर्वांत रुंद भाग शोधा आणि त्या उंचीवर चारही बाजूंनी खडूच्या खुणा करा. प्रत्येक खुणेची जमिनीपासूनची उंची काठीने तपासा. टेप या चार खुणांवरून जमिनीला समांतर फिरवा. घट्ट ओढा, पण सालीत रुतेल इतका नको. दोन फाकांमधल्या खाचेत टेप दाबू नका, तो फाकेच्या उंचवट्यावरून पुढच्या उंचवट्यावर सरळ गेला पाहिजे. फळ कुशीवर असेल तर घेर देठ आणि बोंड या दोन्हींवरून जातो.

दुसरं माप उभं. कुशीवर पडलेल्या फळात हे देठाच्या बाजूच्या जमिनीपासून डोक्यावरून बोंडाच्या बाजूच्या जमिनीपर्यंत. टेप देठाला वळसा घालत नाही, देठाला लागून शेजारून जातो. देठ वर असलेल्या फळात कुठलीही एक दिशा पकडा, देठाच्या बाजूने जा आणि ती दिशा खडूने आखून ठेवा.

तिसरं माप आडवं, दुसऱ्याला काटकोनात, डोक्यावरून सर्वांत रुंद भागातून.

दुसऱ्या आणि तिसऱ्या मापात जवळजवळ प्रत्येक नवखा एकच चूक करतो, म्हणून इथे जरा थांबूया. टेप डोक्यावरून खाली येतो आणि पोटाच्या सर्वांत फुगीर जागी पोचतो. त्याच्या खाली फळ आत वळतं, जमिनीकडे निमुळतं होत जातं. हात आपोआप टेप फळाला चिकटवत त्या वळणाने आत नेतो. तसं करायचं नाही. फुगीर बिंदूपासून टेप सरळ, ओळंब्यात, खाली जमिनीला सोडायचा. खाली टेप आणि फळ यांच्यात हवेचा त्रिकोणी कोपरा राहतो, तो राहू द्यायचा. सोपा उपाय असा: फळाच्या दोन्ही बाजूंना काठ्या अगदी उभ्या धरा, फुगवट्याला जेमतेम टेकतील अशा. ओळंब्याने त्या सरळ आहेत ना ते बघा. टेप एका काठीच्या बुडापासून काठीला लागून वर, मग फळावरून, मग दुसऱ्या काठीला लागून खाली न्या.

याने किती फरक पडतो? तीन मापांची खरी बेरीज २८६ सेंटिमीटर आहे असं धरा. चारही टोकांना टेप आत वळवल्यामुळे प्रत्येकी सहा सेंटिमीटर वाढले तर बेरीज ३१० होते. अठरा किलोंचा भोपळा कागदावर तेवीस किलोंचा होतो.

प्रत्येक माप दोनदा घ्या. दोन वाचनांत एका सेंटिमीटरहून जास्त फरक आला तर तिसऱ्यांदा घ्या आणि मधला आकडा धरा.

हिशेब

तिन्ही मापं मिळवा, बेरीज मीटरमध्ये लिहा, तिचा घन करा (तोच आकडा तीनदा गुणा) आणि एका गुणकाने गुणा. किलो मिळतात.

घन कशासाठी? लांबी दुप्पट झाली की आकारमान आठपट होतं, आणि वजन आकारमानामागे जातं. याची दुसरी बाजू अशी की मापातली एक टक्का चूक वजनात तीन टक्के होऊन उतरते. वर सेंटिमीटरबद्दल इतकी किरकिर केली ती यासाठी.

उदाहरण: घेर ११८, उभं ८६, आडवं ८२. बेरीज २८६ सेंटिमीटर, म्हणजे २.८६ मीटर. घन २३.४. गुणक ०.७७ धरला तर वजन १८ किलो.

हा ०.७७ कुठून आला हाच खरा मुद्दा आहे. टेप फळाचं बाहेरचं अंग मोजतो. आतली बियांची पोकळी किती, गराची भिंत किती जाड, हे टेपला दिसत नाही. गुणकाने ती न दिसणारी गोष्ट भरून काढायची असते, आणि ती जातीनुसार, वाणानुसार बदलते. आपला लाल भोपळा म्हणजे कुकुर्बिटा मोस्काटा. परदेशी राक्षसी भोपळा ही वेगळी जात, कुकुर्बिटा मॅक्सिमा. एकाचा गुणक दुसऱ्याला लावणं म्हणजे नारळाच्या भावात सुपारी मोजणं.

आपला गुणक आपण काढायचा

एकाच बियाण्याची, साधारण सारख्या घडणीची तीन ते सहा फळं घ्या. वेगवेगळ्या मोठेपणाची असली तर उत्तम. प्रत्येकाची तीन मापं घ्या, मग प्रत्येकाचं खरं वजन करा. वजनाला बेरजेच्या घनाने भागा. आला तो गुणक.

समजा पहिल्या फळाची बेरीज २.१८ मीटर आणि वजन ८.२ किलो. घन १०.३६, गुणक ०.७९. दुसऱ्याची बेरीज २.४० मीटर, वजन १०.६ किलो, गुणक ०.७७. तिसऱ्याची २.६२ मीटर, १३.५ किलो, गुणक ०.७५. सरासरी ०.७७. या तीन आकड्यांत आणखी एक गोष्ट दिसते: फळ मोठं होत गेलं तसा गुणक थोडा उतरला. मोठ्या फळात पोकळी वाढते आणि ते स्वतःच्या भाराने बसतं, त्यामुळे तेवढ्याच बेरजेत किलो कमी मावतात. म्हणून आठ-दहा किलोंच्या फळांवरून काढलेला गुणक तीस किलोंच्या फळाला डोळे मिटून लावू नका. जवळच्या मोठ्या फळाचा गुणक धरा.

फळं तोडल्याच्या दिवशीच मापं आणि वजन दोन्ही घ्या. महिनाभर माळ्यावर ठेवलेलं फळ पाणी सोडून हलकं होतं, बाहेरून मात्र जवळजवळ तेवढंच दिसतं. अशा फळावरून काढलेला गुणक ताज्या फळाला कमी पडतो.

कोहळा याच पद्धतीने मोजता येतो. आडवा ठेवायचा, आणि त्याचा गुणक वेगळा काढायचा. सालीवरची पांढरी भुकटी टेपला लागते, माटोळीसाठी ती शाबूत हवी असेल तर टेपखाली कागदाची पट्टी धरा. मान असलेले, डमरूसारखे भोपळे मात्र या पद्धतीला दाद देत नाहीत. त्यांना सरळ काट्यावर न्या.

मोठा काटा नसताना खरं वजन

माणसाचं वजन करायचा काटा बहुतेक घरांत असतो. भोपळा कवेत घेऊन उभे राहा, मग भोपळ्याशिवाय, आणि वजाबाकी करा. वीस-पंचवीस किलोंपर्यंत हे ठीक आहे. त्यापुढे कंबर मध्ये येते.

जड फळाला फळीची युक्ती वापरा. भक्कम फळीच्या दोन्ही टोकांखाली एकेक पातळ आडवी काठी ठेवा, एक काठी काट्यावर आणि दुसरी तेवढ्याच उंचीच्या विटेवर. भोपळा फळीवर ठेवून आकडा लिहा. आता भोपळा फळीवर जिथे आहे तिथेच ठेवून काटा आणि वीट यांची अदलाबदल करा आणि दुसरा आकडा लिहा. दोन्हींची बेरीज करून त्यातून फळीचं आणि काठ्यांचं वजन वजा केलं की भोपळ्याचं वजन उरतं. भोपळा मध्यावर नसला तरी बिघडत नाही. फक्त दोन वाचनांच्या मध्ये तो सरकता कामा नये आणि फळी आडवी, समतल हवी.

तिसरा मार्ग पाण्याचा, आणि तो आमच्या मते सर्वांत देखणा. भोपळा आतून पोकळ असल्यामुळे पाण्यावर तरंगतो, आणि तरंगणारी वस्तू आपल्या वजनाइतकंच पाणी बाजूला सारते. टपात पाणी भरा, पातळीवर खडूची किंवा चिकटपट्टीची खूण करा. भोपळा हलकेच सोडा. तो तळाला किंवा कडेला टेकता कामा नये. पाणी स्थिरावलं की वरच्या पातळीची खूण करा. भोपळा काढा, अंगावरचं पाणी टपातच निथळू द्या. आता लिटरच्या मापाने, मोजत मोजत, पाणी वरच्या खुणेपर्यंत भरा. जितके लिटर लागले तितके किलो.

टप भोपळ्यापेक्षा थोडाच मोठा असावा. साठ सेंटिमीटर व्यासाच्या टपात अठरा किलोंच्या भोपळ्याने पाणी साडेसहा सेंटिमीटरच्या आत-बाहेर चढतं, म्हणजे पातळी वाचण्यात दोन मिलिमीटर चुकलात तरी अर्धा किलो गेला. टप जितका रुंद, तितकी चूक मोठी. नंतर फळ कोरड्या फडक्याने पुसा, देठाची खोबण आणि बोंडाची खाच विशेषतः. गोव्याच्या श्रावण-भाद्रपदात तिथे राहिलेलं पाणी चार दिवसांत फळ सडवतं.

राक्षसी भोपळ्यांचे आकडे

आज ज्यांचे फोटो फिरतात ते अजस्र भोपळे बहुतेक सगळे ‘अटलांटिक जायंट’ या वाणाचे. कॅनडातल्या नोव्हा स्कोशियाच्या हॉवर्ड डिल यांनी तो घडवला. त्याआधी विल्यम वॉर्नॉक यांचा ४०३ पौंडांचा, म्हणजे सुमारे १८३ किलोंचा उच्चांक विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून १९७६पर्यंत टिकून होता. १९९६ साली हजार पौंडांची रेघ ओलांडली गेली, २०१२ साली दोन हजारांची. २०२३ साली कॅलिफोर्नियातल्या हाफ मून बे इथे २,७४९ पौंडांचा, म्हणजे १,२४७ किलोंचा भोपळा तोलला गेला, आणि २०२५ साली इंग्लंडमधल्या पॅटन बंधूंनी १,२७८.८ किलोंवर नेऊन तो उच्चांक मोडला. हे सगळे आकडे काट्यावरचे आहेत. या स्पर्धांचे नियम ठरवणारी ग्रेट पम्पकिन कॉमनवेल्थ टेपचा अंदाज वजन म्हणून धरत नाही, आणि आतल्या पोकळीपर्यंत भोक गेलेलं किंवा सडलेलं फळही बाद होतं.

तरी वाढवणारे सगळे टेप लावतात, कारण वेलीवरचं फळ उचलून तोलता येत नाही. बेरजेवरून वजन सांगणाऱ्या त्यांच्या तक्त्यांत इंच आणि पौंड असतात. मीटर आणि किलोत आणून गोळाबेरीज केली तर साधारण असं चित्र दिसतं: तीन मापांची बेरीज ४ मीटर असेल तर ४३ किलो, ५ मीटरला ८०, ६ मीटरला १३८, ८ मीटरला सव्वातीनशे, १० मीटरला सहाशेच्या थोडं वर आणि १२ मीटरला साडेनऊशेच्या पुढे. म्हणजे ५ ते ८ मीटरच्या पट्ट्यात गुणक ०.६४ जवळजवळ स्थिर राहतो. १० मीटरला तो ०.६१वर येतो आणि १२ मीटरला ०.५६च्या आसपास. तक्ते अधूनमधून सुधारले जातात, त्यामुळे दोन-चार टक्के इकडेतिकडे होणारच.

काट्यावरचं वजन तक्त्यापेक्षा जास्त निघालं तर फळ ‘भारी गेलं’ म्हणतात, कमी निघालं तर ‘हलकं गेलं’, आणि फरक टक्क्यांत सांगतात. हलकं जाण्याची कारणं बहुतेक बाहेरूनच ओळखता येतात. खोल खाचांच्या फळावर टेप खाचांवरून पूल बांधतो आणि नसलेला गर मोजतो. तळाला आत वळलेली कमान असेल तर तीही टेपला दिसत नाही. बोंडाकडचा भाग खोल आत गेलेला असेल तर तेच. गुळगुळीत, उथळ खाचांचं, तळ भरलेलं फळ सहसा भारी जातं.

गोव्यात अटलांटिक जायंटचं बी लावून हजार किलोंची स्वप्नं बघू नका. या वाणाला थंड रात्री आणि उत्तरेकडचा लांब उन्हाळी दिवस मानवतो. आपला सर्वांत मोठा दिवस तेरा तासांच्या आसपास आणि त्या दिवसांत आभाळ भरलेलं. शिवाय फळमाशी आणि पानांवरचे बुरशीचे रोग. वायंगणात (पावसाळ्यानंतरच्या हंगामात), भाताच्या कापणीनंतर लावलेल्या वेलाला ऊन आणि कोरडी हवा बरी मिळते, मोठ्या फळाचा प्रयोग करायचाच तर तो तेव्हा करा. सल्ला हवा असेल तर जुन्या गोव्याच्या केंद्रीय तटवर्ती कृषी संशोधन संस्थेत विचारता येतं.

वेलीवरची रोजची वाढ

वाढ बघायची असेल तर रोज एकाच वेळी मोजा. खडूच्या खुणा पावसाने जातात, म्हणून सालीवर मार्करने बारीक ठिपके द्या, ओरखडा नको. ओरखड्यातून कुज शिरते. टेपसाठी फळ हलवू नका, देठाच्या सांध्याला ताण बसला की तो फाटतो.

बेरजेतली वाढ फसवी असते. बेरीज ५ मीटरवरून ५.०६ झाली तर सहा सेंटिमीटरमागे सुमारे तीन किलो चढले. तेच सहा सेंटिमीटर ८ मीटरच्या फळावर चढले तर सात किलोंच्या वर. त्यामुळे सेंटिमीटर घटले म्हणून वाढ मंदावली असं समजू नका, रोज किलोत रूपांतर करूनच वहीत लिहा. ऐन भरात असलेले राक्षसी भोपळे दिवसाला वीस किलोही चढतात. तीन दिवस बेरीज जागची हलली नाही तर आधी फळ मातीत रुतलंय का ते बघा, मग वेलाच्या बुंध्याकडे वळा.

माटोळीला टांगताना

आता आकड्याचा उपयोग. कला आणि संस्कृती संचालनालयाच्या माटोळी स्पर्धेमुळे मोठी, दुर्मीळ फळं टांगायचा उत्साह वाढलाय. वजनाची बेरीज करून बघणारे त्यामानाने कमी. अंदाजातल्या चुकीसाठी वजन पंधरा टक्क्यांनी वाढवून धरा: १८ किलोंचा भोपळा २१ किलोंचा समजा. नारळ, केळीचा घड, सुपारीचा घोस, कोहळा, सगळ्यांचे किलो वहीत मांडा आणि कुठलं वजन आडव्या लाकडाच्या कुठल्या भागावर येतं ते लिहा. सर्वांत जड फळ दोन आधारांच्या मध्यावर नको, आधाराजवळ घ्या.

नायलॉनच्या दोरीवर लिहिलेली तुटण्याची क्षमता गाठीत जवळपास निम्मी होते. म्हणून टांगायच्या वजनाच्या निदान दहापट क्षमतेची दोरी घ्या, २१ किलोंना २१० किलोंची. अशी दोरी करंगळीहून बारीकच असते, फार काही मागणं नाही.

देठाला दोरी बांधून भोपळा कधीही टांगू नका. ताजा देठ दगडासारखा वाटतो, पण वाळला की आकसतो आणि फळापासून सुटू शकतो. फळाखाली कापडाची चुंबळ ठेवा, तिच्याखालून दोन दोऱ्या एकमेकींना काटकोनात न्या आणि चारही टोकं वर एकत्र बांधा. दोऱ्या फाकांच्या खाचांतून गेल्या की घसरत नाहीत. वर चढवण्याआधी भोपळा जमिनीपासून वीतभर उचलून दहा मिनिटं तसाच लटकू द्या आणि गाठी सरकतात का ते बघा. सरकल्या तर तिथेच सोडून पुन्हा बांधा.